आमचं डे-एंड कधी होणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही झोपेवर पानभर लेख छापला होता, कामाचं टेन्शन ऑफिसातच सोडून या आणि निवांत झोपा असा. लेख चांगला होता, चौकटीत दहा टिपा पण होत्या, कोमट दूध, तळपायाला तेल, दीर्घ श्वास, सुगंधी मेणबत्ती वगैरे. बायकोने तो कापून फ्रिजवर लावला. पण खरं सांगू का, रात्री साडेनऊला ऑफिसच्या ग्रुपवर "उद्या १० पर्यंत एसएमए-२ ची यादी कारणांसह पाठवा" (म्हणजे हप्ते थकलेल्या कर्जखात्यांची) असा मेसेज पडल्यावर त्या मेणबत्तीचं काय करायचं ते काही लेखात नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा पण शेंगांचं तेवढं राहू द्या.

मी बँकेत आहे. २७ वर्षं झाली, क्लार्क म्हणून लागलो, आता शाखाधिकारी आहे. बँकेचं नाव लिहीत नाही आणि माझंही छापू नका, का ते तुम्हाला कळेलच. राहतो कराडला, शाखा ३५-४० किलोमीटरवर एका तालुक्याच्या गावी. लोकांना वाटतं कर्जाचं टेन्शन फक्त कर्ज घेणाऱ्याला असतं, तसं नाहीये हो. हप्ता थकला की पहिले ३० दिवस ते खातं एसएमए-०, मग ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२ आणि ९० ओलांडले की एनपीए, म्हणजे बुडीताकडं गेलेलं कर्ज. आणि हे आता माणूस ठरवत नाही, रात्री सगळ्या शाखांचे व्यवहार बंद झाले की मेन सर्व्हरवर डे-एंड चालतं आणि त्यात सिस्टीम आपोआप शिक्का मारते. म्हणजे मी इकडे पलंगावर पडलेलो असतो आणि तिकडे कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये माझ्या शाखेतला एक टेम्पो आणि एक किराणा दुकान घसरत असतं. गंमत बघा, मशीनचं डे-एंड रोज न चुकता होतं, माणसाचं मात्र होत नाही.

मला झोप लागायची नाही असं नाही. पडल्या पडल्या घोरायला लागता असं बायको सांगते. भानगड तीन वाजता. तीन-सव्वातीनला डोळे टक्क उघडायचे, कुणी हलवून उठवल्यासारखे, आणि डोळ्यासमोर पहिला तो टेम्पो. तो पोरगा स्वतःच चालवतो, त्याची आई शाखेत येते आणि समोरच्या बाकावर बसते, काही मागत नाही, बोलत नाही, नुसती पिशवी मांडीवर घेऊन बसते. तिचं काय करायचं, वसुलीचं पत्र कुणी न्यायचं, वरच्या साहेबाला काय सांगायचं. मग मोबाईल उचलून वेळ बघायची, ३:२०, म्हणजे आत्ता झोप लागली तरी २ तास ४० मिनिटं. परत ३:४५, आता सव्वादोन तास. आयुष्यभर आकडेमोड केली पण एवढी भिकार वजाबाकी कधी केली नाही. आणि वेळ बघायला उचललेला मोबाईल काही नुसती वेळ सांगून गप्प बसत नाही, वर ग्रुपचे १४ मेसेज असतातच, त्यातला एक तरी आपल्या शाखेचं नाव घेऊन असतो.

एका रात्री बायको उठून बसली. म्हणाली, "अहो, शाखेला कुलूप लावूनच आलाय ना? मग हितं पलंगावर कशाला उघडलीय?"

ते कुलूप माझ्या डोक्यात बसलं. 

जुना काळ लई भारी होता असलं काही मला म्हणायचं नाहीये. १९९८ ला लागलो तेव्हा लेजरं होती, संध्याकाळी डे-बुक, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचं पुस्तक, जुळवायचं आणि नाही जुळलं तर फरक सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, मग तो फरक ८० पैशाचा का असेना. आमचे हेड कॅशियर तोंडात पान धरून सांगायचे, "आधी फरकाला ९ ने भागून बघा." ६३० चा फरक, ९ ने भाग जातोय, म्हणजे कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत. मग सगळे व्हाउचरच्या गठ्ठ्यावर तुटून पडायचे आणि तासाभरानं सापडायचं, व्हाउचर ८१० चं आणि लेजरात चढवलेले १८०. कधी कधी रात्रीचे साडेनऊ वाजायचे, एसटी चुकायची. म्हणजे काम कमी होतं असं अजिबात नाही, उलट डोळे फुटेस्तोवर होतं. पण सापडलं की सापडलं. त्यानंतर स्ट्राँगरूम. दोन किल्ल्या, एक अधिकाऱ्याकडे एक हेड कॅशियरकडे, एकट्याला उघडता पण येत नाही आणि लावता पण येत नाही. ते जाड लोखंडी दार दोघांनी ढकललं की दम्म असा एक आवाज यायचा, मग हँडल ओढून बघायचं, एकदा नाही दोनदा, मग शटर, मग वॉचमन मामांना "येतो हो". त्या दम्म नंतर बँक संपायची. घरी जाऊन भाकरी खाऊन झोपलो की सकाळ. दिवस संपला हे कुणीतरी कानाला सांगत होतं, डोक्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं, हे आत्ता कळतंय.

वडिलांच्या वेळी भोंगा होता. ते पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेले, लालबागला एका मिलमध्ये लूमवर. एका गाळ्यात गावाकडची दहा-बारा माणसं, एकाची पाळी सुटली की दुसरा कामावर, म्हणजे अंथरूण गार व्हायला वेळच नाही. रातपाळी करून आलेला माणूस भर दुपारी चाळीच्या कलकलाटात काय झोपत असणार, त्यामुळे तिथं पण काही सुखाची झोप नव्हती. पण वडील सांगायचे, भोंगा झाला की मुकादमाच्या बापाचं पण ऐकायचं कारण नाही. आणि रविवार आपला. तो रविवार सुद्धा फुकट नाही मिळालेला, नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, सहा वर्षं मागे लागले, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. सव्वाशे-दीडशे वर्षं होत आली त्याला. आणि आम्ही शिकलेली माणसं रविवारी सकाळी "लॉगिन डे" चे, म्हणजे नवीन अर्ज भरून घ्यायच्या मोहिमेचे, फोटो ग्रुपवर टाकत बसतो, हसत, अंगठा वर करून. १९८२ च्या संपानंतर वडील गावी परत आले ते आलेच, शेती केली, पण भोंग्याची सवय इतकी की रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या की हातातलं खुरपं खाली ठेवायचे.

माझं बिनसलं कधी ते मला तारखेनिशी सांगता येतं. ८ नोव्हेंबर २०१६. ५०० आणि १००० च्या नोटा बंद. पुढचे सात-आठ आठवडे बँकवाल्यांनी काय काढले ते आमचं आम्हाला माहीत, रात्री अकरा-बारापर्यंत नोटा मोजायच्या, बोटं काळी, मशीन तापून बंद पडायचं. आणि रोज नवीन सर्क्युलर, आज किती काढता येतील, कुणाला किती बदलून द्यायचे, शाई लावायची का नाही, सकाळी एक नियम संध्याकाळी दुसरा. तेव्हा रात्री ग्रुप बघणं गरजेचंच होतं, बघितला नाही तर सकाळी काउंटरवर लोकांनी फाडून खाल्लं असतं. नंतर गर्दी सरली, नव्या नोटा आल्या, सगळं रुळावर आलं. रात्री ग्रुप बघायची सवय तेवढी राहिली. मग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये व्हीसी, म्हणजे मोबाईलवरची व्हिडिओ मीटिंग, आली, तेव्हा तिची पण गरज होती, तीही गेली नाही. आमच्याकडे अडचणीच्या काळात आलेला पाहुणा असाच घरजावई होऊन बसतो.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला जरा लाज वाटते पण त्याशिवाय पत्राला अर्थ नाही.

आमच्या शाखेत एक नवीन ऑफिसर मुलगी आलीय, विदर्भातली, इथं एकटी खोली घेऊन राहते. हुशार आहे. दोन-तीन महिन्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा बंद करता करता म्हणाली, "सर, रागावणार नसाल तर एक बोलू? तुम्ही रात्री अकराला मेसेज टाकता, 'उद्या आल्यावर भेट', एवढंच. कशासाठी ते लिहीतच नाही. मग मी रात्रभर विचार करत बसते आपलं काय चुकलं." मला आठवेना मी कधी टाकला. मोबाईल काढून बघितलं तर तीन होते. एक लॉकरच्या रजिस्टरबद्दल, एक तिच्या रजेबद्दल, रजा मंजूर झाली हे सांगायचं होतं, आणि तिसरा कशाबद्दल ते मलाच आता सांगता येईना. म्हणजे रात्री अकराला माझ्या डोक्यात एक गोष्ट आली, सकाळपर्यंत विसरेन म्हणून मी ती तिच्या डोक्यात टाकली आणि कूस बदलून झोपलो. वरचे साहेब माझ्या बाबतीत नेमकं हेच करतात आणि मी त्यांना शिव्या देत होतो.

त्या दिवसापासून मी काय काय केलं ते सांगतो, टिपा म्हणून नाही, घडलं तसं.

मुलगी पुण्याला मानसशास्त्रात एम.ए. करते. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "पप्पा, तुमचं ते वेटरसारखं झालंय." म्हटलं हे काय. तर १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक म्हणून एक संशोधक बाई होत्या, त्यांच्या प्रोफेसरांच्या लक्षात आलं म्हणे की हॉटेलातल्या वेटरला बिल भरायचं राहिलेल्या टेबलांच्या ऑर्डरी तोंडपाठ असतात पण एकदा पैसे चुकते झाले की त्याला त्यातलं काही आठवत नाही. बाईंनी त्यावर प्रयोग केले, १९२७ मध्ये छापले, अर्धवट राहिलेलं काम डोक्यात जास्त टिकतं असं. मी म्हटलं पोरी हे तर आमचं सस्पेन्स खातं. बँकेत एखादी रक्कम आली आणि आज ती नक्की कुणाची, कुठं टाकायची ते कळेना तर आम्ही काय करतो, रात्रभर घेऊन बसतो का? सस्पेन्सला टाकतो. तिचा नंबर, तारीख, कुणी बघायची ते लिहितो आणि डे-बुक बंद करतो. रक्कम मिटलेली नसते, पण तिला बसायला जागा मिळालेली असते त्यामुळे पुस्तक बंद करता येतं. २७ वर्षं पैशासाठी जे केलं ते स्वतःसाठी करायचं डोक्यात नाही आलं.

तर मी एक वही केली. साधी, दोनशे पानी. संध्याकाळी निघायच्या आधी दहा मिनिटं केबिनचं दार लावून बसतो, वहीच्या डाव्या पानावर आज मिटलेलं, उजव्या पानावर सस्पेन्स. सुरुवातीला मी नुसती नावं लिहायचो, "टेम्पो", "ऑडिटचा रिप्लाय", आणि तीन वाजता टेम्पो परत हजर. मग कळलं नुसतं नाव लिहून भागत नाही, पुढचं पाऊल लिहावं लागतं, "टेम्पो: उद्या ११ ला त्याला बोलवायचं, हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का अर्ज घ्यायचा, आई आली तर आधी चहा." हे लिहिलं त्या रात्री तीनला जाग आली पण टेम्पो आला नाही. म्हणजे आला, पण दारातून बघून गेला. मुलीनं नंतर सांगितलं यावर पण प्रयोग झालेत, अमेरिकेत बेलर विद्यापीठात २०१८ ला ५७ तरुण मुलांना स्लीप लॅबमध्ये झोपवलं, झोपायच्या आधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली आणि निम्म्यांनी झालेल्या कामांची. राहिलेली कामं लिहिणारे सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी बारकाईनं लिहिलेली तितकी झोप लवकर. ९ मिनिटं म्हणजे फार नाही असं वाटेल, पण छताकडं बघत पडलेल्या माणसाला विचारा ९ मिनिटं किती असतात.

वही मिटली की ती टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली खिशात. आणि मी काय करतो माहितीये का, ड्रॉवर ओढून बघतो. एकदा नाही दोनदा. शिपाई हसतो, हसू दे.

घरी जाताना आधी गाडीत ब्लूटूथवर वसुलीचे फोन चालायचे, ते बंद केले. आता कराडात शिरलो की आठवड्यातून तीन-चार दिवस तरी प्रीतिसंगमावर गाडी लावतो. कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोरून येतात आणि दोघी भेटून वळतात, पावसाळ्यात दोन्ही पाण्यांचा रंग पण वेगळा दिसतो कधी कधी. वीस मिनिटं बसायचं, भेळ खायची नाही असं ठरवलेलं असतं, खातो. तिथून घरी गेलो की मी बँकेतून आलोय असं न वाटता नदीवरून आलोय असं वाटतं, एवढाच फरक आहे पण आहे.

मोबाईलचं जास्त अवघड गेलं. अलार्म लागतो ना म्हणून उशाशी, हे आपलं सगळ्यांचं ठरलेलं कारण. मग बाजारपेठेतून घंटीचं घड्याळ आणलं, साडेतीनशेचं, आणि ते पण भिंतीकडे तोंड करून ठेवलं, वजाबाकी नको म्हणून. मोबाईल रात्री नऊनंतर स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी चार्जिंगला. पहिला आठवडा मी पाणी प्यायला म्हणून सात-सात वेळा उठलो. बायकोनं शेवटी तांब्या उशाशी आणून ठेवला.

खरोखर काही इमर्जन्सी आली तर? हे मला पण वाटायचं. तर बँकेचा चोरीचा सायरन वाजला तर फोन येतो तो घरच्या लँडलाइनवर, हो अजून ठेवलीय, आणि तो नंबर वॉचमनकडे आणि दुसऱ्या किल्लीवाल्याकडे आहे. तीन वर्षांत दोनदा वाजला. एकदा उंदीर, एकदा वायरिंग. बाकी मी रात्री नऊ ते सकाळी सहा मेसेज न बघितल्यामुळे देशाच्या अर्थव्यवस्थेला आजवर धक्का बसलेला नाही.

आता शेंगा. डॉक्टरांकडे पण गेलो होतो, आठवड्यात तीन-तीन रात्री असं होत होतं आणि तीन महिन्यांच्या वर झालं होतं, एवढं झालं की नुसतं टेन्शन म्हणून सोडून द्यायचं नाही असं ते म्हणाले. बीपी बघितलं, शुगर बघितली, बायकोला बाहेरून आत बोलावून विचारलं की घोरताना मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, कारण तसं असेल तर तो वेगळा आजार आणि त्याला वह्या लिहून उपयोग नाही. ते नव्हतं. थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की या संपल्या की परत मागायला यायचं नाही, खरा इलाज सवयी बदलण्याचा आहे. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं पण २०१६ मध्ये हेच सांगितलंय म्हणे, जुनाट निद्रानाशाला आधी हे सवयींचं आणि विचारांचं प्रशिक्षण, गोळ्या नंतर. संध्याकाळी चारनंतर चहा बंद करायला लावला, तो मात्र जिवावर आला, आमच्या शाखेत साडेपाचचा कटिंग म्हणजे धर्म आहे. पण चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणजे साडेपाचचा चहा रात्री अकराला निम्मा अंगात जागाच असतो. आणि आमचे काही मित्र "दोन पेग मारले की झोप मस्त लागते" म्हणतात त्याचं पण त्यांनी सांगितलं, लागते लवकर, पण उत्तररात्री मोडते. तीन वाजताची जाग त्यानं वाढते, कमी होत नाही.

तीन वाजताच्या जागेचं पण त्यांच्याकडूनच कळलं. गाढ झोप जास्त करून रात्रीच्या पहिल्या भागात असते, उत्तररात्री झोप पातळ होते आणि मधून मधून जाग सगळ्यांनाच येते, फक्त बाकीच्यांना ती आठवत नाही. आपण मात्र जागे झालो की लगेच फाईल उघडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वीसेक मिनिटांत परत झोप आली नाही तर पलंगावर तळमळत पडायचं नाही, उठायचं. नाहीतर पलंग म्हणजे काळजी करायची जागा असं शरीराचं पक्कं होत जातं. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हे मांडलं, पलंग फक्त झोपेला, डोळे मिटायला लागले तरच परत जायचं, आणि सकाळी उठायची वेळ एकच, रविवार असला तरी.

पण उठून करायचं काय? टीव्ही नाही, मोबाईल नाही, वाचावं तर मी बातम्याच वाचणार. बायकोनं सोपी तोड काढली. पाटणवरून भावानं शेंगांचं पोतं पाठवलेलं, तिनं त्यातल्या घमेलाभर माझ्यासमोर ठेवल्या, म्हणाली, "बसा फोडत." तर मी सोप्यात झिरो बल्बखाली खुर्ची टाकून शेंगा फोडायला लागलो. हे काम असं आहे की हाताला पुरतं आणि डोक्याला पुरत नाही. अंगठ्यानं टोक दाबायचं, टक्क, दोन दाणे, कधी तीन, टरफल एकीकडं दाणे एकीकडं. टार्गेट नाही, रिपोर्ट नाही, किती फोडल्या कुणाला कळवायचं नाही. टरफलांचा मातीचा वास येतो, आमच्या रानातला. दहाव्या-पंधराव्या मिनिटाला मान पडायला लागायची. पहिल्या महिन्यात आमच्या घरात दाण्याचं कूट इतकं झालं की शेजाऱ्यांना वाटून टाकलं.

एवढं सगळं मी माझ्या हातातलं सांगितलं. पण साहेब, दार दोन किल्ल्यांनी बंद होतं. एक माझ्याकडं आहे ती मी फिरवली. दुसरी वर आहे.

तुमच्या लेखावर माझी तक्रार असेल तर एवढीच, की सगळ्या दहा टिपा कर्मचाऱ्याला होत्या, साहेबाला एकही नव्हती. आमच्याकडं तर वरून तणावमुक्तीवर ऑनलाइन व्याख्यान ठेवलं होतं, विषय "शांत झोप", वेळ रविवारी सकाळी ११, हजेरी सक्तीची, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. मी विनोद करत नाहीये. कुणी मोठा उद्योजक म्हणतो आठवड्याला ७० तास काम करा, दुसरा म्हणतो ९०, आणि मग तीच मंडळी आरोग्य शिबिरं भरवतात.

बाहेर यावर कायदे झालेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून सुटका कशी द्यायची यावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. पोर्तुगालनं २०२१ मध्ये उलट केलं, कर्मचाऱ्याला हक्क देत बसण्यापेक्षा मालकालाच सांगितलं की वेळेबाहेर संपर्क करायचा नाही, मला हे जास्त पटतं, कारण "सर मी नऊनंतर फोन उचलणार नाही" हे म्हणायची हिंमत प्रोबेशनवरच्या पोरीनं कुठून आणायची. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून वेळेबाहेरचा फोन न उचलायचा हक्क आहे, फक्त तो नकार अवाजवी नसावा. आपल्याकडं सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत यावर खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकांचं आपल्याकडं काय होतं ते माहीतच आहे, शेवटचं मंजूर झालं ते १९७० ला. बँकांचं म्हणाल तर पाच दिवसांच्या आठवड्यावर मार्च २०२४ मध्ये संघटना आणि व्यवस्थापनाचं जमलं, पुढं सरकारच्या मंजुरीवर घोडं अडलं. मिळाला तर आनंदच आहे पण शनिवारची सुट्टी देऊन शनिवारी रात्री व्हीसी लावली तर ती सुट्टी घालायची कुठं?

कायदा येईल तेव्हा येईल, मी वरच्यांकडं तीनच गोष्टी लेखी मागितल्यात, त्या इथंही लिहितो म्हणजे दुसऱ्या कुठल्या ऑफिसातला कुणी साहेब वाचत असेल तर त्याला पण लागू पडतील. संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर कामाचा मेसेज नको, खरंच आग लागली असेल तर सरळ फोन करा, मेसेजनं आग विझत नाही. व्हीसी कामाच्या वेळेत. आणि "उद्या भेटा" असं लिहायचं झालं तर कशासाठी ते लिहा. उत्तर अजून आलेलं नाही, पण परवा आमच्या साहेबांचा मेसेज सकाळी ७:०५ ला आला, एरवी रात्री ११ ला यायचा. योगायोग असेल. मी त्यांना अंगठा पाठवला.

माझ्या शाखेत मात्र मी लागू करून टाकलं. रात्री काही आठवलं तर स्वयंपाकघरात एक चिठ्ठी लिहितो, सकाळी ड्रॉवर उघडून उजव्या पानावर चढवतो आणि पावणेदहाला सगळ्यांना समोरासमोर सांगतो. अर्ध्या गोष्टी सकाळपर्यंत सांगण्यासारख्या राहिलेल्याच नसतात. ती मुलगी परवा म्हणाली, "सर, आता तुमचा मेसेज येत नाही तर पहिले आठ दिवस वाटलं तुम्ही माझ्यावर चिडलाय."

सगळं सुटलं असं नाही. मार्च एंडिंगला परत तीन वाजले, ऑडिटच्या आठवड्यात पण. टेम्पोचं खातं सध्या एसएमए-१ ला आहे, मुदत वाढवून दिली, पोरगा भरतोय, आई अधूनमधून येऊन बाकावर बसते, आता चहा घेते. ज्यांचं प्रकरण माझ्यापेक्षा पुढं गेलंय, छातीत धडधड, रडू येणं, कशातच मन न लागणं, त्यांनी माझ्या वहीवर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावं, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत पण बोलतात.

काल रात्री जेवताना बायको म्हणाली, कोपऱ्यातलं शेंगांचं पोतं अर्धं तसंच पडलंय, कूट संपत आलंय. "एखाद्या रात्री जागे राहा की जरा."

आपला,
एक शाखाधिकारी
कराड, जि. सातारा
(नाव-पत्ता कृपया छापू नये. आणि काही विचारायचं झालं तर सातच्या आत फोन करा.)